पतरस बुखारी: अकरा लेख आणि एक अख्खा रेडिओ

उर्दूतल्या विनोदी लेखनाचा विषय निघाला की पतरस बुखारींचं नाव येतं, आणि नाव आलं की मागोमाग एक हळहळही येतेच. काय प्रतिभेचा माणूस आणि किती थोडं लिहिलं, एक बारीकसं पुस्तक, अकरा लेख, बाकी सगळं आयुष्य नोकऱ्यांत गेलं बघा. हे मी लेखांत, मुलाखतींत, यूट्यूबवरच्या भाषणांत इतक्यांदा ऐकलंय की वाक्य सुरू झालं की पुढचं पाठ असतं. आणि मला ते अजिबात पटत नाही. अजून लिहिलं असतं तर कुणाला नको होतं, पण नोकरीत "गेलं" म्हणायचं तर त्या नोकरीत त्यांनी केलं काय ते तरी बघा ना. ऑल इंडिया रेडिओ नावाची जी गोष्ट आपल्या घरात आजी-आजोबांपासून चालत आली ती उभी करणाऱ्या पहिल्या मोजक्या माणसांपैकी हे एक, आणि आपण त्यांना ओळखतो (ओळखत असलो तर) ते फक्त सायकलवरच्या लेखासाठी.

खरं नाव सय्यद अहमद शाह बुखारी. जन्म १८९८ चा, पेशावरचा. शाळा तिथलीच मिशनची, मग लाहोरचं गव्हर्नमेंट कॉलेज, इंग्रजीत एमए, मग केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात जाऊन पुन्हा इंग्रजी, आणि परत येऊन त्याच लाहोरच्या कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. इंग्रजीत सही ए. एस. बुखारी आणि उर्दूत लिहिताना पतरस. आता यातली गंमत अशी की ज्या माणसाने उर्दू विनोदाला नवं वळण दिलं तो शिकवायचा इंग्रजी, आणि दिल्ली-लखनौकडचा तर नव्हताच. त्या काळात उर्दू म्हणजे आमचीच असं मानणारे तिकडचे लोक पंजाबी माणसाच्या उर्दूला चुका काढत बसायचे, आणि लाहोरच्या तरुण लेखकांनी 'नियाजमंदान-ए-लाहोर' म्हणून एक गट करून त्यांना उत्तरं द्यायला सुरुवात केली. पतरस त्यात होतेच, शिवाय इम्तियाज अली ताज, सूफी तबस्सुम, तासीर, हफीज जालंधरी, चिराग हसन हसरत अशी मंडळी. प्रमाण भाषा कोणाची यावरून होणारी भांडणं आपल्याला काही नवीन नाहीत, त्यामुळे हा भाग मला फार जवळचा वाटतो.

पुस्तकाचं नाव 'पतरस के मज़ामीन', १९३० च्या आसपासचं. प्रस्तावनाच बघा. म्हणतात, हे पुस्तक तुम्हाला कुणी फुकट पाठवलं असेल तर माझ्यावर उपकार झाले, तुम्ही कुठून चोरलं असेल तर तुमच्या आवडीला माझी दाद, आणि स्वतःच्या पैशाने विकत घेतलं असेल तर मला तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. अख्ख्या पुस्तकाचा सूर तिथेच लागतो.

'मरहूम की याद में' हा तो सायकलवाला लेख. मिर्झा नावाचा मित्र मोठा उपकार केल्याचा आव आणत आपली जुनी सायकल निवेदकाच्या गळ्यात मारतो आणि हा बिचारा भारावून जातो. सकाळी नोकराने आणून ठेवलेली वस्तू बघून याला आधी ती सायकल आहे हेच ओळखू येत नाही, नोकराला विचारावं लागतं. मग स्वारी सुरू होते आणि इथे पतरस जे करतात त्यासाठी मी हा लेख वारंवार वाचते. सायकल खडखडते हे कुणीही लिहील. पतरस त्या आवाजांची रीतसर वर्गवारी करतात. चीं चां चूं जातीचे आवाज सीटखालून आणि मागच्या चाकातून येतात, खट खडखड घराण्यातले मडगार्डमधून, आणि चर्र चरख हे सूर साखळी आणि पॅडलचे. एखाद्या वाद्यवृंदाची ओळख करून द्यावी तशा गंभीर चेहऱ्याने तो हे सांगतो. पुढे हँडल खाली बसतं, ते वर घ्यावं तर सीट खाली जाते, लोक थांबून बघतात, दुकानदार हसतात. शेवटी हा माणूस नदीच्या पुलावर उभा राहून सायकलची चाकं एकेक करून पाण्यात सोडतो, आणि ती कशी, तर पत्रपेटीत पत्र टाकावं इतक्या सहज. ते पत्र टाकणं मला थोर वाटतं. राग नाही, आदळआपट नाही, नुसतं एक काम उरकलं.

आणि 'कुत्ते'. रात्री अकराच्या सुमाराला एका कुत्र्याला लहर येते, तो रस्त्यावर येऊन मुशायऱ्यासाठी एक ओळ देतो, समोरच्या बंगल्यातला दुसरा त्यावर मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, पेश करतो, मग एक मुरलेला उस्ताद चिडतो आणि हलवायाच्या चुलीतून उठून बाहेर येतो आणि पार मक्त्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या शेरापर्यंत, अख्खी गझल म्हणून टाकतो, त्यावर ईशान्येकडून कुणीतरी रसिक जोरात दाद देतो, आणि मग असा काही मुशायरा पेटतो की खिडकीतून "ऑर्डर ऑर्डर" ओरडून उपयोग नाही. हे आपण वाचत नाही, ऐकतो. डावीकडून आवाज, समोरून आवाज, लांबून आवाज, मध्ये एक मिनिट शांतता, मग सगळे एकदम. हे रेडिओच्या आधीचं लेखन आहे हे लक्षात घ्या, पण रचना बघाल तर ध्वनिनाट्याची स्क्रिप्ट आहे ती. म्हणूनच मला वाटतं की हा माणूस रेडिओकडे गेला ते वाट चुकून नाही गेला. त्याच्याकडे तो कान आधीपासून होता.

बाकीच्या लेखांबद्दल थोडक्यात. 'लाहौर का जुग़राफ़िया' मध्ये ते शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकाच्या भाषेत सांगतात की लाहोरच्या चारी बाजूंना लाहोरच आहे. 'हॉस्टल में पढ़ना' मधल्या मुलाला काहीही करून हॉस्टेलात राहायचंय, घरचे सोडत नाहीत, तो वर्षानुवर्षं नापास होत राहतो आणि शेवटी युनिव्हर्सिटी त्याला पासच करून टाकते, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाचं एक कायमचं साधन घालवून बसते. काही लेख आज थोडे संथ वाटतात, 'मैं एक मियाँ हूँ' मधले नवरा-बायकोचे विनोद तर सरळ जुने झालेत. पण चार-पाच लेख असे आहेत की त्यांना आज हात लावायची गरज नाही.

शिक्षक म्हणून त्यांची ख्याती वेगळीच. फैज अहमद फैज त्यांचे विद्यार्थी, नून मीम राशिद विद्यार्थी, विनोदी लेखक कन्हैयालाल कपूर विद्यार्थी, आणि आपले बलराज साहनीसुद्धा. आधुनिक उर्दू कवितेतली दोन मोठी नावं आणि हिंदी सिनेमातला एक सगळ्यात सच्चा नट एकाच मास्तरच्या वर्गात बसून गेले, त्याला आयुष्य वाया गेलं म्हणायचं का? कॉलेजच्या नाटक मंडळातही ते असायचे, नाटक बसवायचे, स्वतः कामही करायचे. लेखक, शिक्षक, नाटकवाला, आणि पुढे रेडिओ. आपल्या पुलंचं आठवतं की नाही? तेही प्राध्यापकी करून, नाटक करून आकाशवाणीत गेले आणि १९५९ ला दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं तेव्हा तिथे होते. माणसं वेगळी, काळ वेगळा, पण हा जो धागा आहे, ज्याला लोकांचं बोलणं ऐकता येतं तोच विनोद लिहितो आणि तोच माइकपुढे टिकतो, तो दोघांतही आहे.

आता रेडिओ. १९३५ मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन नावाचा इंग्रज भारतात आला, प्रसारण खात्याचा कंट्रोलर म्हणून. तेव्हा इथे इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस असं लांबलचक सरकारी नाव होतं. फील्डनला ते नको होतं, त्याने व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगोंशी बोलता बोलता असा काही विषय वळवला की 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव व्हाइसरॉयनाच सुचल्यासारखं झालं, आणि ८ जून १९३६ ला ते लागू झालं. दिल्ली केंद्र त्याच वर्षी १ जानेवारीला सुरू झालेलं, १८ अलीपूर रोडवरच्या एका बंगल्यात. फील्डनला भारतीय भाषा येत नव्हत्या, माणसं माहीत नव्हती, त्याला हवे होते इथले हुशार लोक, आणि त्याला बुखारी बंधू मिळाले. धाकटे झुल्फिकार अली, म्हणजे झेड. ए. बुखारी, आवाजाचे आणि अभिनयाचे बादशहा. आणि थोरले आपले पतरस, कॉलेज सोडून आलेले. दोघे भाऊ इतके मोठ्या जागांवर गेले की लोक म्हणायला लागले, बीबीसी म्हणजे बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन. हा टोमणा होता, वशिलेबाजीचा आरोपही त्यात होता. पण १९४० मध्ये फील्डन परत गेल्यावर पतरस त्या जागेवर बसले आणि देशाच्या अख्ख्या रेडिओचा प्रमुख पहिल्यांदा भारतीय माणूस झाला, हेही तितकंच खरं.

आणि मग त्या अलीपूर रोडवर कोण कोण जमलं बघा. कृश्न चंदर नोकरीला. उपेंद्रनाथ अश्क नोकरीला. राशिद तिथे अधिकारी. चिराग हसन हसरत. मीराजी. हिंदीतले अज्ञेय. आणि १९४१ मध्ये मुंबईहून उर्दू कथाकार सआदत हसन मंटो. मंटो तिथे दीडेक वर्षच राहिला, पण तेवढ्यात त्याने शंभरावर रेडिओ नाटकं आणि रूपकं लिहिली, थेट उर्दू टाइपरायटरवर बसून, हाताने मसुदा वगैरे काही नाही. विषय सांगा, कागद लावला, टकटक सुरू. त्या काळातल्या नाटकांचे त्याचे संग्रहच निघाले. त्याच दिल्लीत त्याचा तान्हा मुलगा गेला, आणि तरी तो लिहीत होता. पुढे स्क्रिप्टमध्ये केलेल्या बदलांवरून राशिद आणि अश्क यांच्याशी बिनसलं आणि तो सगळं टाकून मुंबईला परत आला.

मला यात महत्त्वाचं काय वाटतं सांगते. लेखक म्हणजे दारिद्र्य हे समीकरण तेव्हा होतं, मासिकं पैसे द्यायची नाहीत, प्रकाशक द्यायचे नाहीत. अशा वेळी दर महिन्याला ठरलेला पगार, समोर माइक, आणि रोज नवीन काहीतरी द्यायची सक्ती, हे उर्दू-हिंदीच्या एका अख्ख्या पिढीला मिळालं. रेडिओ नाटक हा प्रकार उर्दूत बहरला तो त्या सक्तीमुळे. आणि ही माणसं घ्यायची, त्यांचे नखरे सांभाळायचे, सरकारी चौकटीत त्यांना बसवायचं, हे ज्या संस्थेत होत होतं तिच्या वर स्वतः एक लेखक बसला होता. कारकून बसला असता तर मंटोला दारातूनच परत पाठवलं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सगळं छान छान होतं असं नाही, आणि ते लिहिलं नाही तर अप्रामाणिकपणा होईल. एक तर भाषेचं भांडण. रेडिओवर 'हिंदुस्तानी' बोलायची असं धोरण होतं, पण ती हिंदुस्तानी नक्की कोणती? हिंदीवाल्यांचं म्हणणं की हे नावाला हिंदुस्तानी आणि प्रत्यक्षात फारसीने भरलेली उर्दू आहे, आणि वर दोन बुखारी बसलेत म्हणून हे होतंय. हिंदी साहित्य संमेलनाने तर रेडिओवर बहिष्कारापर्यंत गोष्ट नेली. बुखारींनी बातम्यांसाठी शब्दसंग्रह करायला एक हिंदीवाला आणि एक उर्दूवाला असे दोघे बसवले, अज्ञेय आणि हसरत. इंग्रजी शब्दाला दोघांनी मिळून सोपा शब्द द्यायचा. मला ही कल्पना फार आवडते, पण ती चालली नाही. हिंदीवाल्यांची तक्रार अगदीच खोटी होती असं मला वाटत नाही, ज्याच्या हातात माइक असतो त्याची भाषा नकळत प्रमाण होतेच. पण बुखारींवर जो जातीयवादाचा शिक्का मारला गेला तो मात्र अन्यायाचा होता. ज्याच्या वर्गात बलराज साहनी घडले आणि ज्याच्या लेखात पहाटे उठवायला शेजारचे लाला कृपाशंकरजी ब्रह्मचारी येतात, त्या माणसाचं जग तेवढं छोटं नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. १९४२. महायुद्ध चालू, ऑल इंडिया रेडिओ इंग्रज सरकारचं आणि पतरस त्याचे प्रमुख. त्याच वर्षी इकडे मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जीव मुठीत धरून काँग्रेस रेडिओ चालवत होते, जागा बदलत, पोलिसांना चुकवत, आणि नोव्हेंबरमध्ये पकडले गेले. सरकारी रेडिओ ज्या बातम्या दाबायचा त्या द्यायला तो गुप्त रेडिओ होता. म्हणजे पतरस त्या वेळी भिंतीच्या पलीकडच्या बाजूला होते, हे मान्य करावंच लागतं. त्यांच्या चाहत्यांच्या लेखांत हा भाग बहुतेक वेळा गाळलेला असतो, तसा तो गाळू नये. मला त्यांचं लेखन आवडतं म्हणून उषा मेहतांचं धैर्य कमी होत नाही.

धाकट्या भावाचं इथेच सांगून टाकते. झेड. ए. बुखारी युद्धाच्या काळात लंडनला बीबीसीच्या भारतीय कार्यक्रमांचे प्रमुख होते आणि जॉर्ज ऑर्वेल तिथे त्यांच्याच विभागात काम करत होता. बीबीसीची हिंदुस्तानी सेवा सुरू झाली मे १९४० मध्ये, आणि बलराज साहनी तिथे उद्घोषक होते. ते तिकडे गेले कुठून, तर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून, गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणयोजनेचं काम सोडून. लाहोरचा वर्ग, सेवाग्राम, लंडनचा स्टुडिओ आणि मग मुंबईचा सिनेमा, हा एका माणसाचा प्रवास आणि त्यात दोन वेळा बुखारी घराण्याशी गाठ.

१९४७ मध्ये पतरस रेडिओ सोडून लाहोरला आपल्याच जुन्या कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. फाळणी झाली तेव्हा ऑल इंडिया रेडिओची नऊ केंद्रं होती. सहा इकडे राहिली, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली, लखनौ. तीन तिकडे, लाहोर, पेशावर, ढाका. धाकटे बुखारी रेडिओ पाकिस्तानचे पहिले प्रमुख झाले. म्हणजे दोन्ही देशांतल्या सरकारी रेडिओच्या मुळाशी एकाच घरातले दोन भाऊ. यावर खरं तर कुणीतरी नीट पुस्तक लिहायला हवं, मराठीत लिहिलं तर फारच छान.

पतरसचं पुढचं आयुष्य न्यूयॉर्कमध्ये गेलं. १९५० मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले तेव्हा हे सोबत होते, आणि पुढे ते संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानचे स्थायी प्रतिनिधी झाले. तिथली त्यांची लढाई जी मला लक्षात राहिली ती ट्युनिशियाची. एप्रिल १९५२ मध्ये सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद पाकिस्तानकडे होतं आणि फ्रान्सच्या ताब्यातल्या ट्युनिशियाचा प्रश्न नुसता चर्चेला घ्या एवढीच आशिया-आफ्रिकेतल्या देशांची मागणी होती. निर्णय नको, चर्चा करा. बुखारींनी त्यासाठी जीव तोडून बाजू मांडली. फ्रान्स विरोधात, अमेरिका तटस्थ, आणि मागणी फेटाळली गेली. चार वर्षांनी, १९५६ मध्ये ट्युनिशिया स्वतंत्र झाला आणि ट्युनिसमध्ये एका रस्त्याला पतरस बुखारींचं नाव दिलं गेलं. पुढे संयुक्त राष्ट्रांनीच त्यांना माहिती विभागाच्या प्रमुखपदावर घेतलं, अंडर सेक्रेटरी जनरल म्हणून. त्या विभागात रेडिओही येतो, म्हणजे फिरून माइकपाशीच. डिसेंबर १९५८ मध्ये, वयाची नुकतीच साठी ओलांडलेली असताना, न्यूयॉर्कमध्येच ते गेले, आणि तिथेच, शहराबाहेर व्हल्हाला इथे त्यांचं दफन झालं.

वाचायचं असेल तर रेख्ता या उर्दू साहित्याच्या वेबसाइटवर हे लेख देवनागरीत मिळतात, उर्दू लिपी येत नसली तरी अडत नाही, आणि अवघड शब्दावर टिचकी मारली की अर्थही येतो. सुरुवात 'कुत्ते' पासून करा, छोटा आहे. मग सायकल. मग 'सवेरे जो कल आँख मेरी खुली', त्यात ते कृपाशंकरजी दार ठोठावायला लागतात तेव्हा बाहेर अजून चांदण्या असतात, आणि पुढचं काही मी सांगत नाही. 'हॉस्टल में पढ़ना' कॉलेजात असलेल्या कुणाला तरी पाठवा. शक्य असेल तर घरात कुणालातरी समोर बसवून मोठ्याने वाचा, डोळ्यांनी वाचताना अर्ध्या जागा निसटतात, आणि कुत्र्यांच्या मुशायऱ्याच्या ठिकाणी मधला तो एक मिनिटाचा पॉज मात्र नक्की घ्या.